दुखत नाही, तेव्हाच

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक मावशी येतात. वय साठीच्या घरात. दिवसभर निंदण-खुरपण करायचे, घरी येऊन भाकरी थापायच्या, आणि सातच्या ठोक्याला पाटी घेऊन हजर. अक्षर अजून वाकडे येते, पण वाचन चांगले सुधारले आहे. एके दिवशी आम्ही वर्गात सांगितले, "परवा खामगावच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ. ज्यांना यायचे असेल त्यांनी नावे द्यावीत."

चार जणांनी नावे दिली. चौघांचेही दात ठणकत होते. मावशींनी मात्र मान हलवली.

"गुरुजी, मले काही दुखत नाही. मंग मी कायले जाऊ?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. नांदुऱ्यात काय, जळंबात काय, कुठेही विचारा, शंभरातले नव्वद लोक हेच म्हणतील. आजार झाला की वैद्य, दुखले की दवाखाना. दुखत नसताना दात दाखवायला जायचे हे आपल्याला पटत नाही. आम्हालाही पुष्कळ वर्षे पटले नव्हते. त्याची किंमत आम्ही मोजली आहे. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी दात बाजूला ठेवू आणि कपाशीकडे वळू. कपाशी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले, ते आपण विसरलेलो नाही. बोंड बाहेरून हिरवेगार, टणक. झाड ताजे. बांधावरून पाहणाऱ्याला वाटावे, यंदा पीक जोरात आहे. आणि बोंड फोडून पाहावे तर आत अळी, सरकी खाल्लेली, कापूस पिवळा पडलेला. अळी लहान असतानाच बोंडात शिरते, आणि तिच्या शिरण्याचे छिद्र बुजून जाते. म्हणून बाहेरून काही कळत नाही. तेव्हापासून शहाणा शेतकरी काय करतो? फुले लागली की शेतात फिरतो. डोमकळी दिसते का ते पाहतो. कामगंध सापळे लावतो. वीस हिरवी बोंडे तोडतो आणि फोडून आत पाहतो. बोंड काही ओरडून सांगत नाही की मला कीड लागली. आपणच जाऊन पाहावे लागते.

दाताचे तसेच आहे. दात कसा बनला आहे ते कळले, की हे आपोआप ध्यानात येईल.

दाताचे वरचे कवच फार टणक असते. आपल्या शरीरात त्याहून टणक दुसरे काही नाही, हाडसुद्धा नाही. त्या कवचाच्या खाली दुसरा थर असतो, तो जरा मऊ. आणि अगदी आत, मधोमध, एक पोकळी असते. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या आणि नस असते. दुखणे जे कळते ते या नसेमुळे. वरच्या कवचात नस नाही. म्हणून कवचाला काहीही झाले तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

आता तोंडात काय चालते ते पहा. आपल्या सगळ्यांच्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गूळ, साखर, बिस्कीट, गोड चहा, काहीही गोड खाल्ले की ते जंतूही खातात. ते खाऊन जंतू आंबट द्रव तयार करतात. हा आंबट द्रव दाताच्या कवचाला विरघळवतो. चिंचेच्या कोळाने तांब्याचे भांडे घासले की वरचा थर निघतो ना, तसेच काहीसे. एका दिवसात काही होत नाही. पण दिवसातून आठ वेळा गोड चहा, आणि रात्री तोंड न धुता झोपायचे, असे वर्षभर चालले की कवचावर एक पांढरा, मग तपकिरी ठिपका पडतो. पुढे तिथे खळगा होतो. खळग्यात अन्न अडकते. अन्न अडकले की जंतूंना घरबसल्या जेवण मिळते.

एवढे होईपर्यंत दुखत नाही. खळगा दुसऱ्या थरात उतरला, की थंड पाणी झोंबते, गोड लागते, आणि क्षणात थांबते. आपण म्हणतो, "जरा सळसळलं, काही नाही." आणि खळगा नसेपर्यंत पोचला, की मग माणूस रात्रभर घरात येरझाऱ्या घालतो. तेव्हा आपण दवाखाना शोधतो. म्हणजे अळीने सगळी सरकी खाल्ली, आणि मग आपण फवारणीचा पंप काढला.

"दाताला कीड लागली" असे आपण म्हणतो. बोलायला ठीक आहे, पण दातात खरी अळी नसते. काही वैदू आठवडी बाजारात दातातली अळी काढून दाखवत असत. रिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकायचे, त्याचा धूर तोंडात घ्यायला लावायचा, आणि खाली ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात पांढरे बारीक काहीतरी पडलेले दाखवायचे. लोक थक्क होत. लहानपणी आम्हीही थक्क झालो होतो. ते पांढरे म्हणजे तडतडून फुटलेल्या बियांचे तुकडे. दुखणाऱ्याच्या तोंडात न धरता नुसता धूर भांड्यावर सोडला, तरी त्या अळ्या पडल्याच असत्या. पण कोणी तसे करून पाहिले नाही.

आता आमची गोष्ट. आम्ही तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होतो. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. डाव्या बाजूची खालची दाढ ठणकायला लागली. चार दिवस लवंग धरली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, दुकानातून गोळी आणून घेतली. पाचव्या दिवशी दुखणे एकदम थांबले. आम्ही खूश. घरात सांगितले, "पाहा, लवंगेचा गुण." परीक्षा झाल्या, निकाल लागला, आणि आम्ही दाढ विसरून गेलो.

ती लवंगेची करामत नव्हती. दाढेच्या आतली नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही. पण कीड तिथेच होती, आणि ती मुळाच्या टोकातून हाडात उतरत होती. दीड वर्षाने एका सकाळी गाल सुजून डोळा अर्धा झाकला गेला. ताप भरला. खाली मान घातली की घण मारल्यासारखे होई. डॉक्टरांनी पू काढला, औषधे दिली, आणि सूज उतरल्यावर दाढ काढून टाकली. त्यांनी एवढेच विचारले, "पहिल्यांदा दुखले तेव्हा का नाही आलात?" मुलांना रोज प्रश्न विचारणारे आम्ही, आम्हाला उत्तर देता आले नाही. एक ध्यानात ठेवा. दाताचे दुखणे आपोआप थांबले म्हणजे दात बरा झाला असे नाही. पुष्कळदा ते जास्त वाईट लक्षण असते.

पैशाचा हिशेबही करून पाहावा, कारण "परवडत नाही" हेही आपण नेहमी म्हणतो. कवचाला लहान खळगा असतानाच डॉक्टरांनी पाहिला, तर ते तो साफ करतात आणि सिमेंटसारखा मसाला भरतात. पंधरा-वीस मिनिटांचे काम. खाजगी दवाखान्यातही ते शेकड्यांत भागते. नसेपर्यंत पोचला, तर मुळाच्या नळ्या साफ करून भरायच्या, ज्याला रूट कॅनाल म्हणतात, आणि वर टोपी बसवायची. दोन-चार खेपा, आणि काम हजारांत. आणि दात काढला, तर नवा बसवायला पुन्हा हजार. तो न बसवला, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि चावण्याची घडी बिघडते. म्हणजे जो दुखण्याची वाट पाहतो तो पैसे वाचवत नाही. तो वाढत्या व्याजाने कर्ज काढतो.

लहान मुलांच्या बाबतीत एक चूक आम्ही शाळेत फार पाहिली. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दातांच्या मागे, अगदी आत, एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून आईबापांना वाटते, ही दुधाचीच. पडेल तेव्हा पडेल, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती दाढ कायमची आहे. ती गेली की पुन्हा येत नाही. पाचवी-सहावीच्या वर्गात "आ कर" म्हटले, की कित्येक मुलांची ती दाढ काळी पडून पोखरलेली दिसे. जन्मभर भाकर चावायची तिने, आणि दहाव्या वर्षी तिचा निकाल लागलेला. सहा-सात वर्षांच्या मुलाला एकदा तरी दाखवून आणा. वेळीच गेले तर डॉक्टर त्या दाढेच्या फटी मसाल्याने बंद करून देतात. सुई नाही, दुखणे नाही. खरे म्हणजे मूल वर्षाचे झाले, पहिले दात आले, तेव्हापासूनच दाखवायला सुरुवात करावी असे डॉक्टर सांगतात.

आता हिरड्या. दात पडण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे हिरड्यांचा रोग, आणि तोही मुका चोर आहे. दातांच्या बुडाशी पिवळट थर बसतो. तो रोज निघाला नाही तर टणक होतो, पाण्याच्या हंड्याला आतून क्षार धरतात तसा. याला किटण म्हणतात. किटणाखाली जंतू राहतात. हिरडी सुजते, घासताना रक्त येते. पुढे हिरडी दातापासून सुटते, आतले हाड झिजते, आणि दात हलू लागतो. या सगळ्यात ठणका लागत नाही. लोक म्हणतात, "वय झालं, दात पडणारच." मधुमेह ज्यांना आहे त्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आवरत नाही. अशा माणसाने तर चुकवूच नये. गरोदर बाईच्या हिरड्याही सुजतात. तिने "आता नको, नंतर पाहू" असे करू नये.

किटण टाचणीने, खिळ्याने खरवडू नये. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी घासूनही ते जात नाही. उलट वरचे कवच मात्र झिजते. डॉक्टर ते यंत्राने काढतात. ते काढल्यावर दात सैल होतात, अशी समजूत आहे. ती खरी नाही. दात आधीच सैल झालेला असतो, किटणाने तो धरून ठेवल्यासारखा भासतो, एवढेच. पडक्या भिंतीला टेकलेला कचरा उचलला म्हणून भिंत पडली असे कोणी म्हणते का? तशीच दुसरी समजूत, वरची दाढ काढली की डोळे अधू होतात. डोळ्याची नस वेगळी आणि दाढेची नस वेगळी. म्हातारपणी दात जातात आणि नजरही जाते, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ मारली.

दात वयामुळे पडतात हे तरी खरे आहे का? जपान देशात १९८९ साली सरकारने आणि दंतवैद्यांच्या संघटनेने मिळून एक मोहीम सुरू केली. नाव ठेवले आठ-शून्य-दोन-शून्य. अर्थ असा, की ऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडात स्वतःचे वीस दात असावेत. वीस दात असले की बहुतेक सगळे अन्न चावून खाता येते. सुरुवातीला दहा म्हाताऱ्यांत एकाच्याही तोंडात तितके दात नव्हते. २०१६ साली तिथे पाहणी झाली, तेव्हा ऐंशीच्या पुढे-मागे असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या तोंडात वीस किंवा जास्त दात होते. माणसे तीच, वय तेच. रोजची सफाई वाढली, आणि न दुखता दात दाखवायची सवय लागली. आपल्याकडे ऐंशी वर्षांचा माणूस दाणे खलबत्त्यात कुटून खातो, आणि आपण त्याला निसर्गनियम म्हणतो.

इथपर्यंत दातांचे झाले. दात गेला तर माणूस जगतो. पण दातांचे डॉक्टर नुसते दात पाहत नाहीत. ते गालाची आतली बाजू पाहतात, जीभ उचलून तिच्या खाली पाहतात, टाळू पाहतात. त्यात ते काय शोधतात, हे सांगायला आम्हाला आमच्या मावसभावाबद्दल लिहावे लागेल. लिहिणे सोपे नाही, पण तुमच्यासाठी लिहितो.

तो आमच्याहून आठ वर्षांनी लहान. पूर्णेकाठच्या गावात शेती. हसरा, कामाला वाघ. खर्ऱ्याची सवय कॉलेजात असताना लागली. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि उजव्या गालात धरायचा. दिवसाला पाच-सहा पुड्या. एका वर्षी आखाजीला तो आमच्याकडे जेवायला आला. ताटात मिरचीचा ठेचा होता. त्याने बोटाने बाजूला सारला. ज्याला ठेच्याशिवाय भाकर जात नसे, तो म्हणाला, "दादा, आजकाल तिखट लई झोंबते." आम्ही त्याची थट्टा केली. म्हणालो, "आता साहेब झालास." पुढच्या वर्षी पुरणाची पोळी तो बारीक तुकडे करून खाताना दिसला. तोंड पूर्वीसारखे उघडत नव्हते. त्याला विचारले, तर म्हणाला, "दुखत नाही ना, मंग काय."

आम्ही मुख्याध्यापक. शाळेच्या भिंतीवर तंबाखूबंदीची पाटी आम्हीच रंगवून घेतलेली. आणि घरच्या माणसाच्या तोंडात काय चालले आहे ते आम्हाला दिसूनही कळले नाही. तिखट झोंबणे आणि तोंड कमी उघडणे ही गालाची आतली कातडी आवळत चालल्याची खूण असते. सुपारीने ती आवळते. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे. "मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो" असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

तिसऱ्या वर्षी त्याच्या गालात जखम झाली, ती भरेना. तोवर दुखणे सुरू झाले होते. मग धावाधाव. नांदुऱ्याहून रेल्वेने मुंबई, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम, परळच्या टाटा रुग्णालयात उपचार. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "तिखट कधीपासून लागत होते?" तो म्हणाला, "तीन वर्सं झाली." डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर लिहून घेतले. शस्त्रक्रियेत अर्धा जबडा काढावा लागला. चौदा महिने तो जगला. शेवटी पेज नळीने द्यावी लागे. त्याच्या मुलीचे लग्न त्याने पाहिले, पण पंगतीला बसला नाही.

हा रोग फक्त गरिबाला होतो, असे समजू नये. आर. आर. पाटील आपल्या राज्याचे गृहमंत्री आणि उपमुख्यमंत्री होते. ग्रामस्वच्छता अभियानामुळे त्यांचे नाव गावोगावी पोचले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने ते गेले. वय अवघे सत्तावन्न. शरद पवार यांच्यावर २००४ साली याच रोगासाठी शस्त्रक्रिया झाली, ते त्यातून वाचले. सवयीबद्दल आपल्याला कोणी आधीच सावध करायला हवे होते, असे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवले आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण पुड्या कुठे मिळतात ते आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असेल.

कर्करोग होण्याआधी तोंडात बहुधा काही खुणा दिसतात. पांढरा चट्टा, जो बोटाने पुसून जात नाही. लाल मखमलीसारखा चट्टा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. गालात गाठ. आवळत चाललेले तोंड. यातले काहीही सुरुवातीला दुखत नाही, ही मेख आहे. या वेळी सापडले तर बहुतेकांचा जीव वाचतो, आणि पुष्कळदा नुसते व्यसन सोडून, औषध घेऊन, लहानशा शस्त्रक्रियेत भागते. घरी एक परीक्षा करता येते. आरशासमोर तोंड उघडून आपलीच तीन बोटे, उभी एकावर एक, समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन बोटे जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर उद्याच दवाखाना गाठा. पण घरची परीक्षा ही डॉक्टरांच्या तपासणीच्या जागी नाही. जिभेखाली आणि दाढांच्या मागे आपल्याला आपले दिसत नाही.

दवाखान्यात काय करतात, याची भीती फार असते. खुर्चीवर बसवतात, ती मागे कलते. डोक्यावर दिवा. डॉक्टर हातमोजे घालून लहान आरसा तोंडात धरतात, एका बारीक आकड्याने दातांवर टोचून पाहतात. गालात, जिभेखाली, हिरड्यांवर नजर फिरवतात. मानेला हात लावून गाठ आहे का पाहतात. काही प्रश्न विचारतात: तंबाखू किती, मधुमेह आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का. खरे तेच सांगावे. डॉक्टर रागवतील म्हणून खर्ऱ्याच्या पुड्या निम्म्या करून सांगणारे आम्ही पाहिले आहेत. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. नुसत्या तपासणीला सुई लागत नाही. धडधाकट माणसाने वर्षातून एकदा जावे. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याने, मशेरी लावणारीने आणि मधुमेह असलेल्याने सहा महिन्यांनी.

जायचे कुठे? आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारावे, दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात. तिथे नसतील तर खामगावला, नाहीतर बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. बायकांना एसटीला अर्धे तिकीट आहे. त्याच वर्षी राज्य सरकारने स्वच्छ मुख अभियान हाती घेतले, आणि सचिन तेंडुलकर त्याचे दूत झाले. बाजारात सतरंजी टाकून दात काढणाऱ्या, दात चिकटवून देणाऱ्या माणसाकडे जाऊ नये. १९४८ च्या कायद्याप्रमाणे दातांचे काम नोंदणी झालेल्या डॉक्टरांनीच करायचे आहे. त्या माणसाचा चिमटा तुमच्या आधी कोणाच्या तोंडात होता आणि तो उकळला की नाही, हे त्याला कोणी विचारत नाही. काविळीचे जंतू त्या चिमट्यावरून येऊ शकतात.

तंबाखूच्या पुडीवर काय लिहिले आहे, तेही आता वाचून पाहा. पूर्वी आपण फक्त चित्र पाहत होतो. त्यावर व्यसन सोडण्यासाठी मदतीचा फोन नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत.

आता मावशींचे राहिले. त्या दिवशी त्या आल्या, पण दात दाखवायला नाही. शेजारणीला सोबत म्हणून आल्या. शेजारणीची दाढ पाहून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले, "मावशी, तुम्ही मशेरी लावता का?" काळे दात पाहून कोणीही विचारले असते. "चाळीस वर्सं झाली," मावशी म्हणाल्या. "बसा खुर्चीवर." मावशी पदर सावरत बसल्या. डॉक्टरीणबाईंनी खालचा ओठ वळवला, आणि तिथे, ज्या जागी मशेरीचे बोट रोज थांबत होते, तिथे हिरडीवर रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा होता. मावशींना त्याची कल्पना नव्हती. त्यांना काही दुखत नव्हते.

चट्ट्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवस मावशी वर्गात आल्या, पण पाटीवर काही लिहीनात. अहवाल आला. कर्करोग नव्हता. मशेरी त्याच दिवशी बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे, असे ठरले. पहिला महिना त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. सकाळी डोके दुखे, हात डबीकडे जाई. सुनेने डबी उकिरड्यावर टाकली, म्हणून दोन दिवस सुनेशी अबोला. मग बडीशेप सुरू झाली. चट्टा आता फिका पडला आहे, पुरता गेलेला नाही.

परवा वर्ग सुटल्यावर त्या केसपेपर घेऊन आमच्याकडे आल्या. "गुरुजी, पुढची तारीख केव्हाची आहे सांगा." आमचा चष्मा घरी राहिला होता. कागद लांब धरून आम्ही म्हणालो, "अकरा तारीख. अजून महिना आहे."

मावशींनी कागद आमच्या हातातून घेतला, कंदिलाजवळ नेला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचले.

"अकरा नव्हे गुरुजी, सतरा आहे. अन् महिना हाच आहे. येत्या मंगळवारी."

आम्ही पाहिले. सतराच होती.

"तुमी बी चाला संगं," मावशी म्हणाल्या, "वरीस झालं ना तुमचं?"